सतरा खडे

मे महिन्यात टेकडीवरचं गवत
नुसतं वाळलेलं नसतं, वाट बघत असतं.
पात्याच्या टोकाला मोहरीएवढा जीव,
पुढचे दोन पाय हवेत पसरून,
रिक्षाला हात करावा तसा.
कुणीही चालतं त्याला.
शेळी, मुंगूस, माझी पोटरी, चावी.

चावी म्हणजे माझी कुत्री.
दुकानाच्या पायरीवर येऊन बसली तेव्हा
माझ्या बोटांत एका जुन्या घड्याळाची चावी होती, म्हणून.
नाव चावी, पण चावत नाही कुणाला.
तिलाच चावतात.

वेताळ टेकडीवरून आम्ही सातच्या आत उतरतो,
खाणीच्या कड्यावर ऊन यायच्या आधी.
मी पांढऱ्या पँटीत. पांढऱ्यावर ठिपका चालताना दिसतो.
पँटीचे पाय मोज्यात खोचलेले.
पत्रकारनगरकडून पळत येणारी पोरं हसतात.
हसू देत.

मग बाल्कनीत जुनी चादर, वाटीत स्पिरिट,
डोळ्याला भिंग.
एकेचाळीस वर्षं लक्ष्मी रोडमागच्या बोळात
याच भिंगातून केसाएवढी स्प्रिंग पाहिली,
याच चिमट्यानं खडा उचलून खाचेत बसवला.
आता फक्त उचलतो.

कान आतून. पट्ट्याखाली.
बोटांच्या बेचक्यात, काखेत, शेपटीच्या मुळाशी.
आधी बोट, मग डोळा.
बोटाला बरोबर कळतं
केस कुठे संपले आणि दाणा कुठे सुरू झाला.
पोटाला धरायचं नाही, कातडीलगत तोंडाशी धरायचं,
आणि सरळ वर.
पीळ द्यायचा नाही.
घड्याळंसुद्धा पीळ देणाऱ्यांनीच बिघडवलेली असतात.

रॉकेल नको, पेटती काडी नको, नखानं चिरडणं तर नकोच.
हे मी चार वर्षांपूर्वी शिकलो,
राघू गेला तेव्हा.
त्याच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या.
टिळेकर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोचीडताप,
आठ दिवस आधी आणला असतात तर.
वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.
मी अजून करतोय.

गेल्या रविवारी वाटीत सतरा निघाल्या.
मोजल्यावर हसू आलं.
सतरा खड्यांचं म्हणजे चांगलं मशीन,
गिऱ्हाइकाला मी असंच सांगायचो.

अठरावी माझ्या पाठीत होती.
दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे
माणसाचा स्वतःचा हात पोचत नाही.
घरात आरसा आहे.
आरसा चिमटा धरत नाही.

वरच्या मजल्यावर धडफळे.
लिफ्टमधली सूचना त्यांचीच:
'कुत्र्यांनी जिना वापरावा.
वाचता येत नसल्यास मालकांनी वाचून दाखवावे.'
शर्टाची बटणं सोडलेली, हातात भिंग,
मी त्यांची बेल दाबली.
त्यांनी पाहिलं. चष्मा काढला. भिंग लावलं.
श्वास रोखलेला मला मानेवर कळला.
'आली,' म्हणाले. 'अख्खी. तोंडासकट.'
आवाजात तीच खुशी,
बंद पडलेलं घड्याळ कानाशी धरून
टिकटिक ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते ती.

मग डेटॉल. मग उपदेश.
'आजची तारीख लिहून ठेवा.
पंधरवड्यात ताप आला, अंगावर पुरळ उठलं,
तर डॉक्टरांना आपणहून सांगा गोचीड चावली होती.
लाजू नका.'
आणि दारातल्या चावीकडे बघत,
'हिच्या मानेवर औषध कधी टाकलंत?'
'एक तारखेला.'
'वजन करून घेतलं होतं का आधी?'
घेतलं होतं. साडेअठरा किलो.
त्यांनी मान डोलावली,
पास केल्यासारखी.

सूचना अजून लिफ्टमध्ये आहे.
चावी जिनाच वापरते.
पण माझ्या कूलरमागच्या भिंतीला एक भेग आहे,
आणि त्या भेगेत पुढची पिढी बसली आहे
आमची वाट बघत.
शनिवारी लांबी भरायची.
धडफळे स्टूल धरायला येणार आहेत.
हे त्यांनी मला नाही,
जिन्यात चावीला सांगितलं.